दुखरी कंबर घेऊन गाडी शोधताना

माझ्या कमरेला चालेल आणि खिशालाही झेपेल अशी गाडी शोधण्यात नोव्हेंबर ते जून एवढा काळ गेला. हवी ती माहिती एका जागी कुठेच मिळाली नाही. थोडी फिजिओथेरपिस्टकडून कळली, थोडी मेकॅनिककडून आणि बरीचशी मोजपट्टी घेऊन स्वतः मोजल्यावर. गाड्यांची परीक्षणं ढिगानं आहेत, पण त्यांत मायलेज असतं, पिकअप असतो, स्क्रीनचा आकार असतो. आत शिरताना पाठ किती वाकते हे कुणी लिहीत नाही. ज्यांची पाठ आत्ता दुखते आहे त्यांचे काही महिने वाचावेत म्हणून घडलं तसं लिहिते आहे.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला कमरेत उसण भरली. जाईल आपोआप म्हणून थांबले, तर दुखणं डाव्या पायात उतरलं. पोटरीपर्यंत कळ आणि अंगठ्याला मुंग्या. एमआरआयमध्ये एल-४ आणि एल-५ या मणक्यांमधली गादी सरकून नसेवर दाब आलेला दिसला. ऑपरेशन लागणार नव्हतं, पण औषधं, व्यायाम आणि भरपूर धीर लागणार होता. गोळ्यांमध्ये प्रीगॅबालिन होती आणि तिनं गुंगी यायची. ती गुंगी पूर्ण जाईपर्यंत स्टिअरिंगला हात लावायचा नाही असं डॉक्टरांनी बजावलं. स्नायू सैल करणाऱ्या गोळ्यांचंही असंच असतं. तेव्हा औषध चालू असताना गाडी चालवावी का, हे डॉक्टरांना आपण होऊन विचारा. उत्तर चिठ्ठीवर लिहून मिळालं तर उत्तमच.

जानेवारीत चालायला लागले आणि खरा प्रश्न समोर आला. आमची जुनी गाडी बुटकी सेडान. बसल्यानंतर फारसं दुखत नसे. बसताना आणि उतरताना मात्र जीव जायचा. फिजिओथेरपिस्टनं त्यामागचं कारण नीट समजावलं. खालच्या सीटवर बसताना नितंब गुडघ्यांच्या खाली जातात, म्हणजे कंबर पुढे वाकते. एक पाय आत आणि एक बाहेर असल्यामुळे त्याच वेळी ती पिळलीही जाते. वर छत लागू नये म्हणून मान खाली घालावी लागते, ती वेगळीच. मणक्यांमधल्या गादीला वाकणं सोसतं, पिळणंही थोडंफार सोसतं, पण दोन्ही एकदम आणि तेही वजन पडलेलं असताना सोसत नाही. हे ऐकल्यावर मला पहिल्यांदा समजलं की मला ‘आरामदायी’ गाडी शोधायची नाहीये. न वाकता, न पिळता आत जाता येईल अशी शोधायची आहे. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि दुसरी पुष्कळदा स्वस्त असते.

दुसरा प्रश्न क्लचचा. माझा दुखरा पाय डावा. वाहतुकीत अडकलं की तोच पाय सतत उचलायचा, दाबायचा, अर्ध्यावर धरायचा. त्यामुळे ऑटोमॅटिक हे ठरूनच गेलं. बजेट ठरवताना बाकी सगळं कापलं तरी चालेल, पण हे नाही, असं घरी सांगून टाकलं. मला गाडी चालवायची परवानगी देण्याआधी फिजिओथेरपिस्टनं खुर्चीत बसवून उजवा पाय भिंतीवर जोरात, एकदम दाबायला लावला. अचानक ब्रेक मारताना कळ आली तर पाय आपोआप मागे येतो, आणि ते कुणाच्या तरी जिवावर बेतू शकतं. उजवी बाजू दुखत असेल तर ही चाचणी टाळू नका.

फेब्रुवारीत शोरूम न गाठता आधी घरातच मोजमाप केलं. भक्कम खुर्चीवर जाड पुस्तकं रचून वेगवेगळ्या उंचीवर बसून पाहिलं. हातांचा आधार न घेता उठता आलं की ती उंची लिहून ठेवायची. माझी उंची १६२ सेंटिमीटर. साध्या खुर्चीच्या ४५ सेंटिमीटरवरून उठताना मांडीवर हात टेकावा लागत होता. ५८ ते ६३ च्या दरम्यान सहज उठता येत होतं. ६८ च्या पुढे पाय जमिनीवर पूर्ण टेकत नव्हते, म्हणजे एका पायावर भार देऊन चढावं लागणार. हा पाच-सहा सेंटिमीटरचा पट्टा म्हणजे माझी गाडी. तुमचा वेगळा असेल. मोजायला वेळ नसेल तर साधी खूण अशी, की सीटकडे पाठ करून उभं राहायचं. सीटची कड गुडघा आणि नितंब यांच्या साधारण मध्यावर मांडीला लागली पाहिजे.

मार्चमध्ये शोरूमच्या फेऱ्या सुरू झाल्या. जिथे जाईन तिथे एकच सल्ला: “मॅडम, पाठीचा त्रास आहे ना, मग एसयूव्हीच घ्या. उंच असते.” सल्ला प्रेमानं दिलेला असे, पण मोजपट्टी वेगळं सांगत होती. मोठ्या एसयूव्हीची सीट माझ्या ५८ ते ६३ च्या पट्ट्याच्या बरीच वर होती. शिवाय दाराचा उंबरठा उंच आणि रुंद. मागे टेकून बसायला जावं तर नितंब सीटवर पोचण्याआधी उंबरठा मांडीला लागायचा. उतरताना पाय लांब टाकून उडी मारल्यासारखं उतरावं लागायचं, आणि त्या धक्क्यानं कळ थेट पोटरीत जायची. उंच माणसाला हीच गाडी उत्तम वाटेल. म्हणून दुसऱ्याच्या अनुभवावरून, अगदी माझ्याही, मॉडेल ठरवू नका.

प्रत्येक गाडीत मी हे मोजत गेले: जमिनीपासून सीटपर्यंतची उंची (कुणाला तरी बसवून, कारण गादी दबते), उंबरठ्याची उंची आणि बाहेरच्या कडेपासून सीटपर्यंतचं अंतर, दाराच्या चौकटीचा वरचा काठ, स्टिअरिंगच्या खालच्या कडेपासून सीटपर्यंतची जागा, आणि आतल्या फरशीपासून सीटपर्यंतची उंची. हे शेवटचं माप कुणी मोजत नाही, पण ते फार महत्त्वाचं आहे. एक इलेक्ट्रिक गाडी बाहेरून माझ्या मापात अगदी चपखल बसत होती, क्लच नाही, धक्का नाही, आवाज नाही. पण बॅटरी फरशीखाली असल्यानं आतली फरशी वर आलेली होती. बसल्यावर गुडघे नितंबांच्या वर गेले आणि दहाच मिनिटांत कंबर ठणकायला लागली. सगळ्या इलेक्ट्रिक गाड्यांत असं नसतं, पण बसून पाहिल्याशिवाय कळतही नाही.

सीटच्या कडांचे फुगवटे हाही एक छुपा शत्रू. दिसायला रुबाबदार, वळणावर आधार देणारे. पण बाहेर पडताना त्यांच्यावरून नितंब घासत न्यावे लागतात. सपाट, थोडी टणक गादी असलेली साधी सीट मला सगळ्यांत बरी वाटली, आणि ती बहुधा स्वस्त गाड्यांतच मिळते. खूप मऊ सीट शोरूममध्ये सुखाची वाटते. अर्ध्या तासानं कंबर तिच्यात रुतते. सीटची खोलीही बघा. पाठ पूर्ण टेकल्यावर गुडघ्याच्या मागच्या खळग्यात आणि सीटच्या कडेत दोन-तीन बोटं मावली पाहिजेत. मावत नसतील तर आपण नकळत पुढे सरकून बसतो आणि कमरेचा आधार सुटतो.

यातूनच मी टॉलबॉय प्रकाराच्या छोट्या गाड्यांकडे वळले. लांबी कमी, छत उंच, सीट ताठ आणि वर. जपानमध्ये छोट्या केई गाड्यांच्या लांबी-रुंदीवर सरकारी मर्यादा आहे, त्यामुळे जागा वाढवायची तर वरच्या दिशेनंच. १९९३ साली तिथे आलेल्या वॅगन आरनं हा आकार घरोघरी नेला. पाठदुखीवाल्यांचा विचार करून ते केलेलं नव्हतं, पण आपल्याला हवं ते सगळं त्यात आपसूक आलं आहे: खुर्चीवर बसल्यासारखी बैठक, अरुंद उंबरठा, डोक्यावर मोकळी जागा. छोट्या एमपीव्हींचं, म्हणजे अख्ख्या कुटुंबाला नेणाऱ्या उंच गाड्यांचंही तेच. दिखाव्यात या गाड्या मागे पडतात, म्हणून जुन्या बाजारात त्यांचे भाव आवाक्यात असतात. आमच्या घरी थोडी कुरकुर झाली. मी मोजमापाचा कागद सगळ्यांसमोर ठेवला आणि विषय संपला.

टेस्ट ड्राइव्हबद्दल दोन गोष्टी कळकळीनं सांगते. पहिली म्हणजे, गाडी हलवण्याआधी नुसतं आत-बाहेर करा, पुन्हा पुन्हा करा, आणि दार अर्धंच उघडूनही करा. पार्किंगमध्ये शेजारी गाडी असते, भिंत असते. शोरूममध्ये जवळजवळ काटकोनात उघडणारं दार घरी तेवढं उघडणार नाही. आत शिरायची पद्धत अशी: सीटकडे पाठ, आधी बसायचं, मग दोन्ही गुडघे जुळवून एकत्र आत वळायचं. गादीवर गुळगुळीत कापड टाकलं तर वळणं सोपं जातं, पण गाडी सुरू करण्याआधी ते काढून ठेवा, नाहीतर ब्रेक मारल्यावर अंग पुढे सरकतं. दुसरी गोष्ट म्हणजे, निर्णय त्या दिवशी घेऊ नका. माझी कंबर कौल द्यायची ती दुसऱ्या दिवशी सकाळी. शोरूमची छोटी चक्कर यासाठी पुरत नाही, म्हणून यादीत दोनच गाड्या उरल्यावर मी त्यांतलं एक मॉडेल शनिवार-रविवारसाठी भाड्यानं घेतलं. भाड्याचे पैसे गेले, पण त्या दोन दिवसांत एक गाडी यादीतून कायमची बाद झाली. तिचे पेडल सीटच्या सरळ रेषेत नव्हते, किंचित आतल्या बाजूला होते, त्यामुळे चालवताना कंबर सतत तिरकी राहायची. डोळे मिटून सरळ बसा, पाय सहज पुढे टाका आणि मग ब्रेक कुठे आहे ते पाहा, लगेच समजतं.

ऑटोमॅटिकमध्येही फरक आहे. एएमटी सगळ्यांत स्वस्त. तिच्यात क्लच आणि गिअरचं काम यंत्र करतं, पण गिअरबॉक्स मॅन्युअलचाच असतो, त्यामुळे गिअर बदलताना ओढ क्षणभर तुटते आणि अंग पुढे-मागे होतं. बऱ्या पाठीला ते जाणवतही नाही. मला संथ वाहतुकीत जाणवलं. सीव्हीटी आणि टॉर्क कन्व्हर्टर हे ऑटोमॅटिकचे दुसरे दोन प्रकार जास्त सलग चालतात. नव्या गाडीत त्यांच्या किमतीतला फरक माझ्या बजेटबाहेर होता, आणि तिथेच मी जुन्या गाड्यांकडे वळायचं ठरवलं.

टायरचा मुद्दा मला एका मेकॅनिकनं शिकवला. टायरवर १८५/६५ आर १५ असं लिहिलेलं असतं, त्यात पहिला आकडा रुंदी मिलिमीटरमध्ये आणि दुसरा त्या रुंदीच्या टक्क्यांत टायरच्या भिंतीची उंची. म्हणजे इथे साधारण १२० मिलिमीटर रबर. त्याच गाडीच्या महागड्या प्रकाराला १९५/५५ आर १६ असतील तर ती उंची १०७ वर येते. जेवढी भिंत कमी तेवढा खड्डा पाठीत जास्त. बसलेल्या माणसाचं धड उभ्या दिशेच्या साधारण ४ ते ६ हर्ट्झच्या कंपनांना सगळ्यांत जास्त साथ देतं, म्हणजे सेकंदाला चार-सहा वेळा होणारी थरथर मणक्यापर्यंत वाढून पोचते. टायर, सस्पेन्शन आणि सीट मिळून ती अडवतात. स्वस्त प्रकारातली छोटी चाकं इथे आपल्या फायद्याची आहेत. टेस्ट ड्राइव्हच्या आधी हवा तपासून घ्या. बहुतेक गाड्यांत योग्य दाब चालकाच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर असतो. जास्त हवा भरलेली चांगली गाडीही दगडासारखी लागते.

प्रकार निवडताना मी मधला घेतला. सगळ्यात खालच्यात सीटची उंची बदलत नव्हती, ती मला हवीच होती. सगळ्यात वरच्यात मोठी चाकं आणि सनरूफ. सनरूफच्या चौकटीनं डोक्यावरची जागा कमी होते आणि आत शिरताना मान जास्त वाकते. स्टिअरिंग वर-खाली होण्याबरोबर पुढे-मागेही होत असेल तर सोन्याहून पिवळं, कारण हात लांबवून चालवलं की खांदे पुढे येतात आणि कंबर सीटपासून सुटते. स्टिअरिंगच्या मध्यापासून छातीपर्यंत निदान २५ सेंटिमीटर अंतर ठेवायचं, एअरबॅगसाठी.

एप्रिलभर जुन्या गाडीची वाट पाहिली. हव्या त्या मॉडेलमध्ये, हव्या त्या गिअरबॉक्सची गाडी क्वचित येते, आणि आली की लगेच जाते. अखेर महिन्याच्या शेवटी चार वर्षं वापरलेली एक मिळाली. बयाणा देण्याआधी आमच्या मेकॅनिकला फी देऊन तपासायला नेलं. त्यानं संगणक जोडून गिअरबॉक्सचे जुने बिघाड पाहिले, गालिचा उचलून पाण्याच्या खुणा पाहिल्या, १७ अक्षर-अंकांचा चॅसी क्रमांक कागदाशी ताडला. टायरवरचे शेवटचे चार आकडे वाचायला त्यानंच शिकवलं: २३२१ म्हणजे २०२१ सालचा २३वा आठवडा. टायर गाडीएवढेच जुने होते, त्यावर किंमत थोडी उतरली. बजेटचा साधारण दहावा हिस्सा मी मुद्दाम बाजूला ठेवला होता. टायर, बॅटरी, विमा आणि नाव बदलण्याची फी त्यातून भागली.

मे महिना कागदांत गेला. आधीच्या मालकांचं कर्ज फिटलं होतं, पण बँकेचं तसं पत्र नोंदणीच्या कागदांना जोडलेलं नव्हतं. ते येईपर्यंत थांबावं लागलं. मग विक्रीच्या अर्जावरची त्यांची सही जुन्या नोंदीशी जुळत नाही म्हणून अर्ज परत आला. त्यांनी ओळखपत्रासह पुन्हा सही करून दिली आणि पुन्हा रांग. विक्रेता समोर असतानाच सगळ्या प्रतींवर सह्या आणि कर्जमुक्तीचं पत्र घेऊन ठेवलं, तर हा काळ वाचू शकतो. पूर्ण रक्कम देण्याआधी हे करा, नंतर माणसाला पुन्हा बोलावणं अवघड जातं. याच दरम्यान अपंगत्वाची करसवलत मिळते का हे संबंधित कार्यालयात विचारून आले. मिळणार नव्हती, माझं दुखणं तात्पुरतं धरलं जात होतं. पण तिथल्या बाईंनी एक मोलाची गोष्ट सांगितली: सवलतीला पात्र असाल तर अर्ज आणि प्रमाणपत्र खरेदीच्या आधी करायचं असतं. गाडी घेऊन झाल्यावर गेलेल्या बऱ्याच जणांना त्या परत पाठवतात. तुमचं दुखणं कायमचं असेल तर पहिली फेरी तिथे मारा.

जूनच्या मध्यावर गाडी घरी आली. पहिल्याच आठवड्यात फिजिओथेरपिस्टला पार्किंगमध्ये नेऊन सीट लावून घेतली. पाठ १०० ते ११० अंशांत, नितंब गुडघ्यांच्या किंचित वर, आणि कमरपट्ट्याच्या रेषेत पाठीमागे छोटा टॉवेल गुंडाळून. खाली जाड उशी घ्यायची माझी इच्छा होती. त्या नको म्हणाल्या. मऊ उशीनं सीटबेल्टचा खालचा पट्टा कमरेच्या हाडांवरून पोटावर सरकतो. सीटला कव्हर घालायचं तर कडेच्या एअरबॅगची जागा मोकळी राहील असंच घ्या. आरसा मी सकाळी ताठ बसून लावते. तासाभरानं मागची काच नीट दिसेनाशी झाली की समजायचं, आपण खाली घसरलो आहोत. आरसा हलवायचा नाही, पाठ सरळ करायची.

डिकीत सामान मी शक्यतो ठेवत नाही. वाकून, हात लांब करून पिशवी उचलणं ही कमरेची सगळ्यात वाईट अवस्था. पिशव्या मागच्या सीटवर ठेवते, त्याही दोन छोट्या, एक मोठी नाही. स्टेपनी मी बदलणार नाही हे ठरलेलं आहे, म्हणून विम्याबरोबर रस्त्यावरच्या मदतीची सेवा घेतली.

आता ऑगस्ट आहे. दर पाऊण तासाला थांबून पाच मिनिटं चालते, तेवढं पथ्य अजून आहे. दाराच्या चौकटीतल्या लोखंडी कडीत अडकवायचा हाताचा दांडा घेतला आहे. उतरताना त्यावर भार देता येतो, आणि तो पर्समध्ये मावतो. घेताना दांड्याचं टोक तुमच्या गाडीच्या कडीत बसतं का, ते दुकानातच पाहा. फिरती सीट बसवायचा विचारही केला होता. पण मूळ सीट काढली की तिच्यातली एअरबॅग आणि बेल्टचा सेन्सर यांचं काय, हे बसवणाऱ्याला नीट सांगता येईना, आणि विमा कंपनीनं असा बदल आधी लेखी कळवायला सांगितलं. माझ्या उंचीला या सीटवर तिची गरज पडत नाही, म्हणून ते तिथेच सोडलं.